कागदावरचे तुझे दोन दिवस

ताई,

तुझ्या नावाचं पत्र आलं.

पोस्टात नवा माणूस लागला आहे. त्याला पोशीरमधली घरं अजून नीट ठाऊक नाहीत. अंगणाच्या कडेला मोटारसायकल लावून त्याने पाकिटावरचं नाव वाचलं आणि हाक मारली, "सुमनबाई हायत का घरात?" मी आत उकड मळत होते. नाना ओटीवर बसले होते. तुझं तेरावं होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि तोवर आम्हाला कुणी असं विचारलंच नव्हतं. गावाला ठाऊक होतं, पाहुण्यांना ठाऊक होतं. नाना म्हणाले, "नाय."

"मंग कवा येतील? सही लागंल."

मी पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आले. म्हटलं, मी तिची धाकटी जाऊ, मी करते सही. कागदाला पीठ लागलं. तो गेल्यावर नानांनी पत्रासाठी हात पुढे केला, मग मागे घेतला आणि मलाच वाच म्हणाले.

बिल होतं. खोपोलीच्या बाजूच्या त्या दवाखान्याचं, जिथे तुझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. गेल्याच्या गेल्या वर्षी लावणीत तू बांधावरून घसरलीस, तेव्हाचं. त्यानंतर दोनदा भात कापून झालं. त्याच पायाने तू देवळाच्या पायऱ्या चढलीस, पुतणीच्या हळदीत नको नको म्हणत नाचलीस, आणि गेलीस ती काही पायाने नाही, छातीने. पाय शेवटपर्यंत इमानी राहिला. त्या पायाचं बिल आता आलं, पायाची राख झाल्यावर. हे वाक्य लिहून मी उठून पाणी पिऊन आले. पण खोडत नाही, कारण त्यात खोटं काही नाही.

आकडा लिहीत नाही, तुला आकड्यांचा कंटाळा. आपण दोघींनी महिनाभर भाकऱ्या थापल्या की हातात पडायचं तेवढं समज. नेरळला नव्या इमारती उठायला लागल्या आणि तिथल्या नोकरीवाल्या बायकांना तांदळाच्या भाकऱ्या हव्याशा झाल्या, तेव्हा धंदा काढायचं तूच ठरवलंस. आमचे हे गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. एका सकाळी तू पिठाची परात माझ्यापुढे आपटलीस आणि म्हणालीस, "रडायाचं तर रड, पन हात चालव." त्या परातीने मला उभं केलं. हे तुला मी कधी बोलून दाखवलं नाही, कारण बोलले असते तर तू म्हणाली असतीस, पीठ सैल झालंय ते आधी बघ.

घरात त्या कागदाने काय केलं ते ऐक. तुझा विजय कामावरून आला, त्याने उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाला, "फाडून टाक काकी. मानूस गेल्यावं कसलं बिल? येक पैसा द्यायाचा नाय." नाना म्हणाले, "भरायाचं. तिच्या पाटल्या मोड. कुनाचं ठिऊन गेली असं नको." बापलेक ओटीवर एकमेकांवर आवाज चढवून बोलले. तू असताना असं कधी झालं नव्हतं, कारण तुझ्याच आवाजापुढे कुणाचा चढत नसे.

पैशाचं काय, ते कसंही निघालं असतं. पण बिलात एक ओळ होती. वॉकर, व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरची फी, आणि त्याखाली पलंगाचे दोन दिवस. सरकारी योजनेच्या कार्डावर जेवढे दिवस मंजूर होते त्याच्यावरचे. मी तारखा बघितल्या. ते दिवस तू घरी आल्यानंतरचे होते. मी हे मोठ्याने म्हटलं, आणि तिथेच चूक झाली. नाना म्हणाले, "म्हंजे ती घरी आली कवा?"

"तवाच नाना. तुमीच नाय का उतरवून घेतली टेंपोतून?"

"मंग ते दोन दिस तितं कोन व्हतं?"

त्या दिवसापासून ते ताटावर बसायचे, भाकरीचा तुकडा मोडायचे आणि उठायचे. विचारलं तर एकच बोलायचे, "काय तरी ऱ्हायलं तिचं तितं." आधीच तू गेलेली, आणि आता माझ्या डोळ्यांसमोर नानाही त्या कागदामागे निघाले होते. तेव्हा मला तुझा राग आला, ताई. पाटावर मांडलेल्या तुझ्या फोटोसमोर उभी राहून मी म्हणाले, बघ, मी थांबत होते. तूच थांबू दिलं नाहीस.

त्या दिवसाबद्दल आपण दोघी पुन्हा कधी बोललो नाही. तुला घरी सोडलं तो दिवस. विजय पिशव्या आणि वॉकर घेऊन पुढे टेंपोकडे गेला होता. तू चाकाच्या खुर्चीत, मी मागून ढकलत होते. काउंटर ओलांडून आपण काचेच्या दाराशी आलो आणि मागून त्या पोरीची हाक आली, "ओ मावशी, एक मिनिट. एक सही राहिली." मी खुर्ची हळू केली. तू न बघताच खांद्यावरून हात मागे टाकलास आणि माझं मनगट धरलंस.

"मागं बगू नको. चल तू."

"अगं, सही ऱ्हायली म्हणत्ये ती."

"ऱ्हाऊ दे. दवाखान्यातून निगताना मागं बगायाचं नसतं. येतो म्हनायाचं नसतं. चल."

आणि मी चालले. तुझ्या प्रत्येक शास्त्राला फाटे फोडणारी मी. शनिवारी तेल आणायचं नाही म्हणायचीस, मी मुद्दाम शनिवारी आणायचे. कुणाची वाटी रिकामी परत करायची नाही, ठीक. पण भाकऱ्या मोजून द्यायच्या नाहीत, प्रत्येकीच्या डब्यात एक वर टाकायची, यावरून मी तुझ्याशी किती भांडले. धंदा आहे की अन्नछत्र, असं मी विचारायचे आणि तू ती वरची भाकरी माझ्या वाट्यातून टाकायचीस. अशी मी, पण त्या दारात मान ताठ ठेवून सरळ चालत राहिले. मागे ती पोरगी पुन्हा एकदा ओरडली. मी ऐकलं आणि खुर्ची जोरात ढकलली.

टेंपोत बसल्यावर तू हसलीस. "आज बरी ऐकलीस गं माझं." कर्जतला टेंपो थांबवायला लावून दोन वडापाव खाल्लेस, दवाखान्यातल्या पातळ डाळीला शिव्या घालत. घरी आल्यावर शेजारच्या वहिनींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, तर तो चपातीचा होता म्हणून त्यांनाही बोलणी खावी लागली. तुला वाटलं, त्या दिवशी मी हरले. मी हरले नव्हते. मी घाबरले होते.

कारण तुला माहीत आहे. आपलं सगळ्यात जुनं भांडण तेच. ह्यांना पहिल्यांदा त्याच दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा दारातून वळून हे नर्सला म्हणाले होते, "येतो हां सिस्टर." सवयच त्यांची. वाण्यालाही येतो, कंडक्टरलाही येतो. पुढच्या पंधरवड्यात त्यांना परत न्यावं लागलं आणि मग ते आले नाहीत. तुझ्या मते ते त्या एका शब्दाने झालं. मी म्हणायचे, लिव्हर खराब होती, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. एकदा तर चिडून मी तव्यापुढे तुला म्हणाले, माणसं शब्दाने मरत नाहीत, ताई. तू भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "मंग जगतात कशानं?" भाकरी फुगली होती, मी ती तव्यावरून काढली.

तर त्या काचेच्या दारात मला शास्त्र पटलं वगैरे काही नव्हतं. फक्त एवढंच वाटलं की हिलाही परत आणावं लागलं तर? मी वळले म्हणून? एक माणूस मी त्या दाराला दिलं होतं, दुसरं द्यायची छाती नव्हती. हे तुला सांगायला पाहिजे होतं. पण तू जिंकल्याच्या आनंदात वडापाव खात होतीस आणि मला तुझा आनंद मोडवला नाही.

नव्या भाताचे तांदूळ आले तेव्हाची गंमत आठवते? वॉर्डातल्या नर्सबायांना नव्या तांदळाच्या भाकऱ्या पाठवायच्या, त्यांनी माझं हागणंमुतणं काढलंय, असं तुझं चाललं होतं. पण घरातल्या कुणी त्या दारातून आत जायचं नाही हेही होतंच. शेवटी विजयने डबा फाटकावरच्या वॉचमनकडे द्यायचा आणि इमारतीकडे न बघता परतायचं, असा तोडगा तूच काढलास. विजय म्हणाला, "आये, डोळ्यांना पट्टी बांधून गाडी चालवू का?" तू म्हणालीस, "बांद." त्यालाही हसू आवरलं नव्हतं. आता तो हसत नाही. टेंपो चालवताना तुझी टोपली ठेवायची जागा अजून रिकामी ठेवतो, तिथे दुसरं काही ठेवू देत नाही.

शेवटी मीच ठरवलं. फाडायचं नाही आणि डोळे मिटून भरायचंही नाही. आधी विचारायचं. फाईल, योजनेचं कार्ड, तुझं आधार पिशवीत घातलं आणि विजयला म्हटलं, गाडी काढ. तुझ्या जिवात जीव असता तर तू मला त्या दारातून आत जाऊ दिलं नसतंस. पळसदरीच्या पुढे गेल्यावर विजय म्हणाला, "काकी, मी आत येनार नाय." मी म्हटलं, नको येऊस.

काउंटरवर तीच पोरगी होती. आता गळ्यात मंगळसूत्र होतं. तिने बिल बघितलं, फाईल बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही त्या भाकऱ्यांच्या मावशी ना? मी हाक मारली होती तुम्हाला."

"ऐकली होती."

"मग थांबला नाहीत ते?"

"आमच्यात असतं तसं," मी म्हटलं. मला वाटलं हसेल. ती हसली नाही. म्हणाली, "इथे कुणीच थांबत नाही मावशी. एकदा माणूस दाराकडे निघाला की वळतच नाही. आम्ही ओरडून ओरडून थकलो. आता शेवटची सही वर वॉर्डातच घेतो, पलंगावरून उठायच्या आधी."

हे तू ऐकायला हवं होतंस. एवढ्या मोठ्या दवाखान्याने तुझ्या शास्त्रापुढे हात टेकले. मी इतकी वर्षं भांडून टेकले नाहीत ते.

तिने समजावून सांगितलं. जुन्या फायली तपासायला काढल्या, त्यात तुझ्या फायलीत घरी सोडल्याची सही सापडली नाही. सही नाही म्हणजे पेशंट गेला नाही. त्या पलंगावर दुसरी बाई आली ती दोन दिवसांनी, तोवर पलंग तुझ्याच नावावर चालू राहिला. योजना ते दिवस देत नाही, म्हणून बिल घरी. मी म्हटलं, अगं पण ती त्या दिवशी आमच्याकडे ओटीवर बसलेली. ती म्हणाली, "मला कळतंय. मी स्वतः बघितलंय तुम्हाला जाताना. पण साहेबांना काहीतरी दाखवावं लागेल. त्या घरी होत्या असं काही आहे का तुमच्याकडे?"

तू घरी होतीस याला पुरावा काय द्यायचा? माझ्या मनगटावर तुझी बोटं होती, तो? मी बाहेर जाऊन विजयला विचारलं. तो म्हणाला, फोटो असंल. तो मोबाईलमध्ये मागे मागे जात राहिला, कुणाकुणाची लग्नं, गणपती, भाताच्या गोण्या, आणि मग थांबला. मोबाईल हातात घेऊन माझ्याआधी तोच त्या दारातून आत गेला.

तो फोटो मी कधी बघितलाच नव्हता. तू आल्याच्या दुसऱ्या सकाळचा. ओटीवर खाट, पाय उशीवर. शेजारी वॉकर, आणि त्याला तू पिठाची चाळण अडकवलेली, आल्या आल्या. तुझ्या हातात माझी भाकरी, उजेडाकडे धरलेली, कुठे चिरली का ते बघायला. तोंड असं की सापडलीच चीर. खाली तारीख.

साहेबांनी फोटो मोठा करून बघितला. "ह्याच का?" म्हणाले. मी म्हटलं, ह्याच. "कशा आहेत आता?" विजय वळून भिंतीवरचा तक्ता वाचायला लागला. मी म्हटलं, गेली. त्यांनी पेन काढलं, त्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि बाजूला सही केली.

ताई, मी गेले होते ते हेच करून घ्यायला. खोट्याचं खरं करायला, नानांना जेवायला बसवायला. पण पेन टेकलं तेव्हा माझ्या मनात आलं की या कागदावर तरी तू दोन दिवस जास्त होतीस. कुठेतरी, एका पलंगावर, कुणीतरी तुझं नाव चालू ठेवलं होतं. आणि मी स्वतःच्या पायांनी येऊन ते दोन दिवस कमी करून घेत होते. तोंडाशी आलं, राहू द्या साहेब, मी भरते. बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं आणि तू अन्नछत्र म्हणून चिडवलं असतंस.

वॉकर आणि व्यायामाचे पैसे मात्र द्यायचेच होते. वॉकर आपण घेऊन आलो होतो, योजनेचा समजून. ते मी भरले, भाकऱ्यांच्या पैशांच्या डब्यातल्या तुझ्या वाट्यातून. पाटल्यांना हात लावला नाही. त्या तुझ्या लेकीच्या, निलूच्या, तू सांगितल्याप्रमाणे.

घरी आलो तेव्हा नाना अंगणात येऊन उभे होते. "मिटलं?" म्हणाले. मी म्हटलं, मिटलं. साहेबांनी सही करून दिली, ताई त्या दिवशी घरीच होती. नाना म्हणाले, "व्हतीच." जसं काही शंका मीच काढली होती. विजयने त्यांच्या हातात मोबाईल दिला. किती तरी वेळ ते बघत राहिले. मग म्हणाले, "भाकर जाड झाल्ये, म्हनत व्हती तवा." आणि आत येऊन पाटावर बसले. दोन भाकऱ्या खाल्ल्या. मी थापलेल्या, तुझ्या मते जाडच. मी चुलीकडे तोंड करून बसले होते म्हणून त्यांना माझं तोंड दिसलं नाही.

वॉकर अजून कोपऱ्यात आहे. चाळण त्यालाच अडकवते. डब्यात एक भाकरी वर टाकते, आता माझ्याच वाट्यातून, कारण दुसरा वाटा कुठे आहे? नेरळच्या बायका विचारतात, ताई दिसत नाहीत. काहींना सांगते. काहींना सांगवत नाही, म्हणते, आहे घरी.

एक गोष्ट मात्र नानांना सांगितली नाही, विजयलाही नाही. बिल मिटवून निघताना तो पुढे टेंपोकडे गेला होता. मी काउंटर ओलांडून त्याच काचेच्या दाराशी आले आणि मागून त्याच पोरीची हाक आली, "ओ मावशी, पावती राहिली."

मी उभी राहिले. माझं मनगट धरायला कुणी नव्हतं. त्या दिवशी माझ्या पुढ्यात तू होतीस, खुर्चीत, तुझा सैल झालेला अंबाडा, मानेवरचं तेल, सगळं माझ्या डोळ्यांसमोर. मागे बघण्यासारखं काही नव्हतंच, जे होतं ते मी पुढे ढकलत नेत होते. या वेळी दारात माझ्यापुढे कुणी नव्हतं. मी वळले, ताई.

परत गेले, पावती घेतली. ती पोरगी म्हणाली, "या मावशी." मी नुसती मान हलवली. येते म्हटलं नाही. तेवढं तुझं ऐकलं.